भुंडे हात

रबराच्या गिरणीत पाऊल टाकलं त्याच दिवशी मला मार बसला. बांबूची कामटी, उजव्या हाताच्या बोटांवर, सटकन. मारणारा होता भगवान मिस्त्री, आणि कारण काय, तर मी मसाल्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून, परातीत पीठ कालवावं तसा मसाला कालवत होते आणि नाकावरचा फडका हनुवटीवर घसरला होता. मी रडले नाही. आमच्या घरात मार ही काही नवलाई नव्हती. नवल एवढंच वाटलं की मारून झाल्यावर या माणसानं मला का मारलं ते सांगितलं. "ही काळी भुकटी छातीत बसली की निघत न्हाई. अन् हात सुपलीला दे, मसाल्याला देऊ नको," म्हणाला. मी घरी येऊन मायला सांगितलं तर ती कितीतरी वेळ हसली. हसायचं कारण मला तेव्हा कळलं नाही, पुढं ती स्वतः गिरणीत आली तेव्हा कळलं.

तलवाड्याहून गेवराईच्या रस्त्याला लागलं की माळावर सोसायटीची ती पत्र्याची शेड होती. सहकारी सोसायटी, चेअरमन गावचेच, आणि माल दोन तऱ्हेचा: चपलांचे तळ आणि पाण्याच्या पंपाला लागणारे वायसर. दुष्काळ पडला, विहिरी तळाला गेल्या, वायसर कोण घेणार? त्यांच्या थप्प्या शेडमागं उन्हात वाळत पडल्या. तळ मात्र खपायचे, कारण तालुक्यातली सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि खडीवर चप्पल टिकते किती! चेअरमन म्हणायचे, दुष्काळानं एक धंदा मारला अन् एक तारला. खरं म्हणजे आम्हाला गिरणीत ओढलं ते पगारानं नव्हे, पाण्यानं. सोसायटीची स्वतःची बोअर होती, तिचं पाणी रबर मळायच्या तापलेल्या रुळांच्या पोटातून फिरवून थंड करायच्या हौदात सोडायचे आणि पाळी सुटताना त्यातलं कामगारांना द्यायचे. मसाल्याच्या खोलीतल्या बाईला एक हंडा, रुळावरच्या माणसाला दोन. कोमट पाणी, रबराचा वास येणारं, वर तेलाचा तवंग. आम्ही ते फडक्यानं गाळून प्यायलो. आज माझी सून पाण्याच्या मशीनचा दिवा लाल झाला म्हणून दोन दिवस माणसाला फोन करत असते.

मसाला म्हणजे रबरात घालायच्या भुकट्या. काजळीसारखी काळी, खडूची पांढरी, जस्ताची, आणि पिवळा गंधक. मिस्त्री औरंगाबादच्या कारखान्यात काम करून आलेला, तोंडाचा लई घाण आणि हाताचा त्याहून वाईट. त्याचे कायदे असे: आधी हातांना करडईचं तेल चोळायचं, नाहीतर काळी चामडीत शिरते आणि खाज सुटते. नाकातोंडाला फडका. भुकटी वरून ओतायची नाही, सुपली खाली टेकवून हळूच सोडायची, म्हणजे धुरळा उठत नाही. गंधक सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या घमेल्यात, कारण त्याची धूळ हवेत उडाली आणि कुणी काडी ओढली की खोलीसकट माणसं जातात. एकदा एका गड्यानं दाराशी बिडी पेटवली तर मिस्त्रीनं त्याला केसाला धरून हौदात बुचकळलं, नाकातोंडात पाणी जाईस्तोवर. पिण्याचं पाणी घाण केलं म्हणून आम्ही बायका मिस्त्रीवरच ओरडलो.

घरी आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, माझ्याखाली दोघं लहान. आबाची, म्हणजे माझ्या बापाची, मेंढरं होती ती चाऱ्यावाचून काही मेली, काही विकली. राहिली बैलजोडी, ती घेऊन आबा चुलत्याच्या टोळीत ऊस वाहायला कारखान्यावर गेलता. आबा घरात नसला की घर कसं सैल पडायचं. पहाटे मायच्या भाकरीच्या आवाजानं जाग यायची. रेशनची तांबडी ज्वारी, तिला विरी, चिकटपणा म्हणून नव्हता, थापता थापता कडा फाटायच्या आणि माय तिला कडक शिव्या देत पुन्हा गोळा करायची. थाप पडली की बांगड्या वाजत. थाप, छन्न, थाप, छन्न. कोरड्यास म्हणून कधी चुक्याची भाजी, कधी नुसतं मिरचीचं पाणी. पण आबा घरी असला की त्याच बांगड्यांचा दुसरा आवाज असायचा. तो मायचा हात पिरगाळायचा तेव्हा त्या कडकड फुटायच्या, आणि सकाळी माय केरात काचा लोटायची. आमच्या अंगणात अनवाणी चालायची आम्हाला बंदी होती ती विंचवासाठी नव्हे, काचांसाठी. मारायला कारण काहीही पुरे. भाकर करपली, बैल लंगडला, कुणाकडं बघून हसलीस. एकदा तर पाऊस आला नाही म्हणून.

टोळ्या उसाला गेल्या तशी रुळावरची गडीमाणसंही गेली आणि मिस्त्रीला रुळावर बायका घ्याव्या लागल्या. माय तेव्हा माझ्याबरोबर मसाल्याच्या खोलीत होती. दोन हंडे म्हटल्यावर पाच-सहा जणी पुढं झाल्या. रूळ म्हणजे काय ते सांगायला हवं. माणसाच्या कवेत मावणार नाहीत असले दोन लोखंडी रूळ, आडवे, शेजारीशेजारी, एकमेकांकडं फिरणारे. मधल्या फटीत रबर टाकलं की ते दाबून मऊ होतं आणि पुढच्या रुळाला साल गुंडाळावी तसं बसतं. मग फटीवर मसाला टाकत जायचा, खालच्या अंगाला सुरीनं रबर कापायचं, घडी करायची, परत फटीला द्यायची, जोवर सगळं एकजीव होत नाही तोवर. छातीच्या उंचीला मिस्त्रीनं एक दोरी ताणून बांधली होती, तिच्या पलीकडं हात न्यायचा नाही. रबर ढकलायचं ते मुठीनं, बोटं पसरून कधी नाही. डोक्यावर एक तार होती, ती ओढली की मोटार बंद, पण रूळ पुरता थांबायला आणखी वीतभर फिरायचा. आणि सगळ्यात मोठा कायदा मिस्त्री प्रत्येकीकडून म्हणवून घ्यायचा: ओढलं की सोडायचं. रबर हातातून ओढलं जातंय असं वाटलं की त्या क्षणी सोडून द्यायचं, मग माल वाया जाऊ दे नाहीतर चेअरमन बोंबलू दे.

आणि मनगटात काही नको. अंगठी नको, दोरा नको, बांगडी नको. हे ऐकल्यावर सगळ्याच जणी मागं सरल्या. नवरा जिवंत असताना हात भुंडे करायचे? मिस्त्रीनं लिंबाचा एक फोक आणला, मनगटाएवढा जाड, एका बाईकडून फुटकी निघालेली बांगडी मागून त्यावर चढवली, दोन्हीला रबराची एक पट्टी गुंडाळली आणि फटीला दिला. फोक खाली निघाला तेव्हा त्याचा चोथा झाला होता आणि रबरात हिरवी काच चमकत होती. "हे हात हायेत," एवढंच बोलला. बायका तोंडाला पदर लावून परत मसाल्याच्या खोलीत गेल्या. माय तिथंच उभी राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, साबण आण. हौदाच्या कडेला बसून तिनं एकेक बांगडी काढली. अंगठ्याचं हाड दाबत, साबण चोळत, एक फुटली, तिनं रक्त निघालं, बाकीच्या शाबूत निघाल्या. त्या तिनं पदराच्या गाठीला बांधल्या आणि रुळावर गेली. अशा घट्ट बांगड्या रोज काढायच्या नि रोज घालायच्या म्हणजे हाताची साल जायची, म्हणून तिनं त्या परत घातल्याच नाहीत.

पहिले आठ-पंधरा दिवस मिस्त्रीनं तिच्या बोटांवर इतक्या कामट्या मारल्या की रात्री ती हात चुलीशी शेकत बसायची. हात दोरीच्या वर गेला, सटकन. बोटं पसरली, सटकन. सोडायला उशीर झाला, सटकन. मी म्हटलं, माय, ह्यो बी आबासारखाच हाय की. ती म्हणाली, "न्हाई गं. घरी मार खाते त्यो कशापायी ते कळत न्हाई. हितं कळतं तरी." पहाटे आता नुसती थाप ऐकू यायची. छन्न नाही. धाकटा एकदा झोपेतून उठून रडायला लागला, आवाज कुठं गेला म्हणून. पण रांजण भरलेला असायचा, आणि दोघंही पोरं अंगानं धरत होती. गावात कुजबुज झालीच. आडावर बायका मायच्या मनगटाकडं बघून बोलायच्या थांबायच्या. तिनं मान कधी खाली घातली नाही.

आबा आला तो दुपारचा. बैल बांधले, आत आला, माय भाकर थापत होती. तो दारातच उभा राहिला. त्याला आधी कळेना काय वेगळं आहे, मग त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. "मी मेलो का?" त्यानं विचारलं. अगदी हळू. माय सांगायला लागली, गिरणी, रूळ, दोन हंडे, आणि पहिल्या शब्दाबरोबर त्यानं तिला लाथ घातली. ती चुलीवर कोलमडली, तवा उलटला. केसांना धरून त्यानं तिला अंगणात ओढलं. "कावून काढल्या? कुनासाठी काढल्या? त्यो मिस्त्री हातावर मारतो म्हनं, म्हंजी हात धरतो तुजा!" हे त्याला वाटेतच कुणीतरी पुरवलं होतं. बैलाचा चाबूक खुंटीला होता, तो त्यानं काढला. मी मोजत नव्हते, पण मायचं लुगडं पाठीवर फाटलं आणि खालची कातडीही. पोरं ओरडत होती. शेजारी दारं लावून घेतली गेली. मी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि आबाच्या पाठीत घातलं. एकदा नाही. सदरा पेटला तेव्हा कुठं तो थांबला, आणि वळून माझ्या तोंडावर अशी बसवली की माझी एक दाढ अजून नाही. मला त्या लाकडाचं वाईट कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्या बांगड्यांसाठी एवढा पेटला होता त्या त्यानंच किती वेळा फोडल्या होत्या! तेव्हा त्याला अपशकुन दिसला नाही.

बाजाराच्या दिवशी त्यानं मायला तलवाड्याला कासाराकडं नेलं. हाताला धरून, सगळ्या बाजारातून, सुजलेल्या तोंडानिशी. कासारानं हाताचं माप बघून मोठी बांगडी काढली तर आबा म्हणाला, बारकी घाल, निघाली नाही पाहिजे. कासार बिचारा घालत गेला आणि आबा अजून अजून म्हणत गेला. मनगटापासून कोपराजवळ येईस्तोवर हिरवा चुडा. मायच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते हाड दाबल्यामुळं, असं ती पुढं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तिला रुळाला हात लावू दिला नाही. मसाल्याच्या खोलीत जा म्हणाला. संध्याकाळी आम्ही एकेकच हंडा आणला, त्यात आता बैलही प्यायचे. आबानं रांजणात डोकावून बघितलं आणि विचारलं, दुसरा हंडा कुठं हाय? बांगड्याही पाहिजेत आणि पाणीही! सकाळी आबा आमच्याबरोबर गिरणीत आला.

मिस्त्री रुळापाशी होता. आबानं आधी त्याच्या कानशिलात मारली आणि मग बोलायला सुरुवात केली. बायकांना हात लावतो, बांगड्या उतरवतो, माजलास का बे. मिस्त्रीनं तोंड पुसलं. म्हणाला, तुजी बाई कामाला तुज्यापेक्षा शानी हाय, तिचे हात मला चेचलेले नको होते. आबा हसला. "हे कसलं काम रे! बायका करतेत ते. सरक, मी दावतो." मिस्त्री म्हणाला, दाव, पण कडं काढ. आबाच्या उजव्या मनगटात खंडोबाच्या नवसाचं चांदीचं कडं होतं, लग्नाआधीपासूनचं. देवाचं कडं तुझ्या बापासाठी काढू का, म्हणत आबानं त्याला असा ढकलला की मिस्त्री खांबावर डोकं आपटून खाली बसला. मग आबानं छातीपुढची दोरी सोडली, "ही वासराला बांध" म्हणून माझ्या अंगावर फेकली आणि रुळापुढच्या फळीवर चढला.

थोडा वेळ जमलं त्याला. तेच वाईट झालं. अंगात ताकद होती, रबराची घडी त्यानं बायकांपेक्षा झपाट्यानं फटीला दिली आणि वळून मायकडं बघितलं. माय ओरडत होती, सोडा, सोडा म्हणून, मोटारीच्या आवाजात नुसते तिचे ओठ दिसत होते. दुसऱ्या घडीला मऊ, तापलेलं रबर कड्याला चिकटलं आणि ओढ बसली. आबानं सगळा जन्म जनावरं धरण्यात घालवलेला. बैल उधळला, मेंढा ओढायला लागला, तर दोर सोडायचा नाही, पाय रोवायचे आणि मागं ओढायचं, हे त्याच्या अंगात होतं. त्यानं तेच केलं. पाय रोवले, दुसऱ्या हातानं रबर धरलं आणि ओढलं. मिस्त्री बसल्या जागेवरून ओरडला, "सोड बे! सोड!" आबानं आणखी घट्ट धरलं. रुळाला बैलासारखी दमछाक नसते. उजव्या हाताची बोटं गेली, मग पंजा. एक आवाज आला, ओली तुराटी मोडावी तसा, आणि मग आबाचा आवाज, जो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मायनं फळीवर उडी मारली आणि दोन्ही हातांनी तारेला लोंबकळली. मोटार बंद पडली. रूळ ती वीतभर फिरला आणि कडं फटीत अडकून थांबला. त्या वीतभरात मनगट गेलं. तारेवर घासून मायच्या बांगड्या फुटल्या, काचा आबाच्या डोक्यावर पडत होत्या, आणि तो तिला म्हणत होता, "सोडू नगंस. तू सोडू नगंस." रूळ उलटा फिरवायला लोखंडी दांडा होता, तो हातानं मारावा लागायचा. मिस्त्रीचं डोकं फुटलेलं, डोळ्यात रक्त येत होतं, तसाच त्यानं तो दांडा फिरवला, तसूतसूनं, आणि तेवढा वेळ आबा शुद्धीत होता. मी दोरी हातात धरून उभी होते, ती त्यानंच फेकलेली. त्याच दोरीनं मिस्त्रीनं त्याचा दंड करकचून बांधला. चेअरमनची जीप गेवराईला गेली, तिथून बीडला. हात मनगटाच्या वर कापला. कडं रुळात राहिलं ते चपटं होऊन निघालं. पुढं ते मायनं मोडीत घातलं.

आबा घरी आला आणि ओट्यावर बसून राहू लागला. त्याला भाकर मोडता यायची नाही. एके दिवशी माय गिरणीत निघाली, हात परत भुंडे, आणि आबानं डावा हात उगारला. सवयीनं असेल. मायनं तो वरच्या वर धरला. मला वाटलं आता पुन्हा सुरू. तिनं तो हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "आता ह्योबी रुळात घालायचा का?" आबानं हात खाली घेतला. त्यानंतर त्यानं शिव्या दिल्या, ताट भिरकावलं, धाकट्याला काठी मारली, पण मायवर हात टाकला नाही. आबा सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. त्याला भीती बसली होती, रुळाची आणि मायची.

मग बाकीच्या बायका रुळावर आल्या. आता कुणाला फोक दाखवायची गरज नव्हती. मायनंच कासाराला सांगून मोठ्या मापाच्या, सहज निघतील अशा बांगड्या मागवल्या. कासार त्यांना गिरणीच्या बांगड्या म्हणायचा आणि आसपासच्या गावच्या बायका फॅशन म्हणून मागायला लागल्या! आत जाताना त्या काढून ठेवायच्या कुठं? खिळ्यावर लटकवल्या तर एकमेकींत मिसळायच्या, जमिनीवर ठेवल्या तर पायाखाली फुटायच्या. चेअरमननं तोवर आबाला फाटकावर राखणदार म्हणून बसवलं होतं, कोर्टकचेरी नको म्हणून. एका बाईनं थट्टेत आपल्या बांगड्या त्याच्या थोटक्या हातावर चढवल्या. तो तिच्या सात पिढ्यांवर गेला, पण दुसरा हात तिथवर नेऊन त्यानं त्या फेकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरीनं चढवल्या. मग ते रोजचंच झालं. आबा थोटका गुडघ्यावर उभा धरून बसायचा, त्यावर साऱ्या बायकांच्या बांगड्या, कुणाच्या कुठल्या ते त्याला पाठ. पाळी सुटली की एकेकीला शिव्या देत परत करायचा. माय शेवटी यायची. तिच्या बांगड्या सगळ्यात खाली असायच्या. तो देत नसे, ती त्याच्याकडं न बघता स्वतः काढून घ्यायची.

असं कितीतरी वर्षं चाललं. दुष्काळ सरला, आला, पुन्हा सरला. माझं लग्न दिंद्रुडला झालं. एका उन्हाळ्यात मी माहेरी आले होते, मायचा डबा घेऊन गिरणीत गेले. आबा फाटकावर भिंतीला टेकून बसला होता, थोटका गुडघ्यावर उभा, तसाच. मी हाक मारली, परत मारली, मग जवळ जाऊन बघितलं आणि आत पळाले.

माय बाहेर आली ती कोपरापर्यंत काळी. बायका गोळा झाल्या. एक म्हातारी पुढं होऊन दगड शोधायला लागली, बांगड्या फोडायचा रिवाज असतो तसा. माय म्हणाली, "थांब आत्या. आदी जिच्या तिला देऊ दे." ती त्याच्यापुढं बसली आणि थोटक्यावरून एकेक जोड काढून नाव घेऊन देऊ लागली. बायका रडत रडत घेत होत्या, घालत होत्या. सगळ्या संपल्या. खाली मायच्या उरल्या, हिरव्या. म्हातारीनं दगड पुढं केला. मायनं त्या बांगड्या थोटक्यावर आणखी आत सारल्या, घट्ट बसतील तिथवर.

"ह्या त्येच्याच हातात ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्यांच्यापायी लई मार खाल्ला मी."

आणि दोन्ही हंडे उचलून ती हौदाकडं गेली. आंघोळ घालायला पाणी लागणार होतं.